शुल्कमाफी किती दिवसांची, ते आधी विचारा

लातूरच्या किंवा अकोल्याच्या भुसार बाजारात कुणी नुसतं ‘तुरीचा भाव काय?’ असं विचारलं, तर अडत्या उलट विचारतो, ‘कुठली?’ गावरान लाल आहे, पांढरी आहे, बर्म्याची लेमन आहे, टांझानियाची मटवारा आणि अरुषा आहे, मोझांबिकची गजरी आहे. प्रत्येकीचा दाणा वेगळा, मिलमधला उतारा वेगळा आणि म्हणून भावही वेगळा. पण डाळ मिलमधून भरडून, फटका होऊन, पिशवीत भरून ती किराणा दुकानात आली की हा सगळा भेद संपतो. आपण घेतो ती नुसती तूरडाळ. ती आफ्रिकेतली की लातूरजवळच्या औशातली, हे पिशवीवर क्वचितच लिहिलेलं असतं.

बाजार समितीत भाव पडले की आपण म्हणतो, बाहेरची तूर आणली म्हणून पडले. दुकानात डाळ महागली की आपणच म्हणतो, बाहेरून मागवत का नाहीत? पहिलं वाक्य शेतकऱ्याच्या घरातलं, दुसरं ग्राहकाच्या घरातलं, आणि महाराष्ट्रात अशी पुष्कळ घरं आहेत जिथे ही दोन्ही वाक्यं एकाच ओसरीवर ऐकू येतात. हे आवाहन या सगळ्यांना आहे. गरीब देशांच्या मालाला आपण दिलेली शुल्कमाफी चांगली की वाईट, यावर हातघाईवर येण्याआधी ती चालते कशी हे बघा. आणि मग सरकारपाशी एकच मागणी लावून धरा. सवलत द्या, कमी करा, वाढवा. पण जे काही ठरवाल ते पेरणीआधी सांगा आणि हंगाम संपेपर्यंत पाळा.

सवलतीची गोष्ट दिल्लीत ठरली

परदेशी माल बंदरात उतरला की त्यावर आयात शुल्क लागतं. जागतिक व्यापाराचा मूळ नियम असा, की एका देशाला जो दर लावाल तोच बाकीच्या सभासद देशांनाही लावा. पण श्रीमंत देश आणि नुकते स्वतंत्र झालेले गरीब देश यांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे, असं १९६०च्या दशकात गरीब देश बोलू लागले. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद नवी दिल्लीत भरली. विकसनशील देशांच्या मालाला श्रीमंत देशांनी कमी शुल्कात येऊ द्यावं, आणि त्याबदल्यात काही मागू नये, असा ठराव तिथे झाला. युरोप आणि जपानने १९७१पासून ही पद्धत सुरू केली, अमेरिकेने १९७६पासून.

त्या काळात भारत हात पुढे करणाऱ्यांत होता. पुढे तो देणाऱ्यांतही आला. २००५च्या हाँगकाँग परिषदेत असं ठरलं, की जगातल्या सर्वांत मागास देशांच्या बहुतेक मालाला शुल्काविना आणि कोट्याविना प्रवेश द्यायचा. त्याला धरून एप्रिल २००८मध्ये दिल्लीत झालेल्या भारत-आफ्रिका शिखर बैठकीत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अशा देशांसाठी शुल्कमाफीची योजना जाहीर केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती लागू झाली. सुरुवातीला सुमारे ८५ टक्के वस्तू पाच वर्षांत शून्यावर आणायच्या होत्या. २०१४मध्ये ही व्याप्ती सुमारे ९८ टक्क्यांवर गेली. टांझानिया, मोझांबिक, मालावी, सुदान, म्यानमार हे देश या यादीतले, आणि आपल्याकडे तूर येते ती मुख्यतः यांच्याकडूनच.

शुल्कमाफीने होतं काय, ते एका साध्या हिशेबाने बघू. समजा, तूर मुंबई बंदरात क्विंटलला ६,००० रुपयांनी उतरली आणि तिच्यावर १० टक्के शुल्क आहे. मार्च २०१७मध्ये आपण तुरीवर एवढंच शुल्क लावलं होतं. केनियाची तूर बंदराबाहेर पडताना ६,६०० रुपयांची होते, कारण केनिया त्या मागास देशांच्या यादीत नाही. सीमेपलीकडच्या टांझानियाची तूर मात्र ६,००० रुपयांनाच बाहेर पडते. त्यामुळे आयातदार टांझानियाकडे वळतो. सवलतीचा पहिला परिणाम हा, की माल कुठून घ्यायचा ते बदलतं. एकूण आयात किती वाढेल हा पुढचा प्रश्न, आणि ते आपल्याकडे पीक किती आलं यावर जास्त अवलंबून असतं.

आता खरा प्रश्न. हे वाचलेले ६०० रुपये कोणाच्या खिशात जातात? मोझांबिकच्या झांबेझियासारख्या प्रांतातला शेतकरी मक्यात तूर लावतो, आपल्याकडे सोयाबीनच्या ओळींत लावतात तशीच. दोन-तीन पोती होतात. गावात येणारा खरेदीदार ती उचलतो, त्याच्याकडून मोठा व्यापारी घेतो, तिथून बंदरातलं गोदाम, मग जहाज, इकडचा आयातदार, मग डाळ मिल. खरेदीला चार जण स्पर्धेत असले तर शुल्कमाफीतले काही रुपये झिरपत त्या शेतकऱ्यापर्यंत पोचतात. एकच गिऱ्हाईक असलं तर नाही पोचत. आणि तुरीच्या बाबतीत पूर्व आफ्रिकेला मोठं गिऱ्हाईक एकच आहे, ते म्हणजे आपण. टांझानिया-मोझांबिकमध्ये तूर पिकते ती मुख्यतः भारताला विकण्यासाठी. त्यामुळे दिल्लीतली एक अधिसूचना तिकडच्या गावातला भाव ठरवते.

दोन हंगाम, दोन अधिसूचना

२०१५च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली होती, ते अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. सरकारने दोन गोष्टी केल्या. इकडच्या शेतकऱ्याला तूर लावा म्हणून सांगितलं, आणि जुलै २०१६मध्ये मोझांबिकशी करार केला. तिकडून येणारी तूर वर्षाला एक लाख टनांवरून चार वर्षांत दोन लाख टनांवर न्यायची, असं त्यात ठरलं. पाऊस चांगला झाला. २०१६-१७मध्ये देशात विक्रमी, ४८ लाख टनांवर तूर पिकली. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास, कुठे कुठे त्याहूनही खाली, भाव मिळत होता. त्या हंगामात मराठवाड्यात आणि विदर्भात खरेदी केंद्रांसमोर लागलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा, संपलेला बारदाना, उघड्यावर भिजलेली पोती, हे सगळं महाराष्ट्राने पाहिलं.

मग सरकार आयात रोखायला निघालं. ५ ऑगस्ट २०१७ रोजी अधिसूचना निघाली: वर्षाला दोन लाख टनांपेक्षा जास्त तूर आयात करता येणार नाही. करारातली तूर तेवढी वगळली होती. आता तारखेकडे बघा. आपल्याकडे ऑगस्टमध्ये तूर गुडघ्याएवढी असते, पण टांझानिया-मोझांबिकमध्ये तेव्हा काढणी चालू असते. ज्यांनी भारत घेईल म्हणून पेरली त्यांची तूर नुकतीच खळ्यावर आली होती. तिथले भाव कोसळले. शुल्क तर शून्यच होतं. सवलत कागदावर जशीच्या तशी होती. पण कोटा भरला की शून्य शुल्काचा उपयोग शून्य.

आता उलट बाजू. मे २०२१मध्ये कोटा उठवला आणि तुरीची आयात खुली केली, आधी ऑक्टोबरपर्यंत. मग डिसेंबरपर्यंत, मग मार्च २०२२पर्यंत, पुढे मार्च २०२३, मार्च २०२४, मार्च २०२५ आणि मार्च २०२६. यातल्या शेवटच्या तीन मुदतवाढी कधी जाहीर झाल्या ते पाहा: डिसेंबर २०२२, डिसेंबर २०२३, जानेवारी २०२५. म्हणजे ऐन आपल्या तुरीच्या काढणीच्या तोंडावर. ज्या शेतकऱ्याने जूनमध्ये ‘मार्चला आयातीची मुदत संपते आहे, तूर ठेवली तर भाव येईल’ असा हिशेब केला, त्याचा हिशेब मळणी चालू असताना मोडला. २०२४मध्ये तूर दहा हजारांच्या वर होती. २०२५च्या सुरुवातीला ती ७,५५० रुपयांच्या हमीभावाखाली आली. त्या आर्थिक वर्षात सुमारे १२ लाख टन तूर बाहेरून आली होती.

२०१७च्या ऑगस्टमधला झांबेझियाचा शेतकरी आणि २०२५च्या जानेवारीतला लातूरचा शेतकरी या दोघांचं दुखणं एकच आहे: पेरल्यानंतर बदललेला नियम. आपण मात्र त्यांना एकमेकांसमोर उभं करून भांडण लावतो. खरं पाहता दोघांची तूर एका वेळी बाजारात यायचंही कारण नाही. आफ्रिकेचा माल इकडे सप्टेंबरपासून उतरू लागतो, तेव्हा आपल्याकडची जुनी तूर संपत आलेली असते आणि नवी डिसेंबरनंतर येते. देशाला साधारण ४५ लाख टन तूर लागते आणि अलीकडे पिकते ३५ लाख टनांच्या आसपास. म्हणजे दहा लाख टनांची जागा तशीही मोकळी आहे. धोरण स्थिर असेल तर आफ्रिकेची तूर टंचाईचे तीन-चार महिने भरून काढते आणि आपल्या हंगामाला वाट मोकळी ठेवते. धोरण हेलकावे खाऊ लागलं की व्यापारी माल धरून ठेवतो किंवा एकदम ओततो, आणि मार दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना बसतो.

सवलत दिसते तेवढीच नसते

म्हणून ‘आम्ही गरीब देशांना ९८ टक्के वस्तूंवर शुल्क माफ केलं’ असं वाक्य वाचलं, की चार गोष्टी तपासा.

पहिली, उरलेल्या दोन टक्क्यांत काय आहे? २०१४नंतरही वगळलेल्या यादीत दूध, दूध पावडर, कांदा, सफरचंद, काजू, चहा, कॉफी, तीळ, तंबाखू, दारू, तांब्याच्या वस्तू अशा ९७ ओळी राहिल्या. त्यातल्या कित्येक वस्तू याच देशांची मुख्य निर्यात आहे. यामागे आपल्या शेतकऱ्याची काळजी आहे, हे मान्य. पण ९८चा आकडा ऐकून भारावूनही जाऊ नका आणि धास्तावूनही जाऊ नका. आपला कांदा त्या कुंपणाच्या आतच आहे.

दुसरी, तोच दर बाकीच्यांना किती आहे? मार्च २०२३मध्ये आपण अख्ख्या तुरीवरचं १० टक्के शुल्क सगळ्यांसाठीच काढून टाकलं. त्या दिवशी टांझानियाचं काही गेलं नाही, पण शेजारच्या केनियापेक्षा त्याला जे झुकतं माप होतं ते संपलं. डिसेंबर २०२३पासून पिवळा वाटाणाही शुल्काविना येऊ दिला. तो पिकतो कॅनडा-रशियातल्या शेकडो एकरांच्या यांत्रिक शेतांवर. ढाब्यापासून बेसनापर्यंत तो तुरी-हरभऱ्याची जागा खातो. दोन वर्षं शेतकऱ्यांनी ओरड केल्यावर नोव्हेंबर २०२५पासून त्यावर ३० टक्के शुल्क लागलं. बाहेरच्या मालावर राग काढताना कोणता माल, कुठला माल, एवढं तरी विचारा. दोन पोती तूर विकणारा आफ्रिकेतला माणूस आणि जहाजभर वाटाणा पाठवणारी कंपनी यांना एकाच शिवीत गुंडाळू नका.

तिसरी, माल यायचा रस्ता उघडा आहे का? बांगलादेशच्या तयार कपड्यांवर आपण शुल्क घेत नाही. २०११पासून दारू-तंबाखूसारख्या मोजक्या २५ वस्तू सोडल्या, तर त्या देशाचा सगळा माल शुल्कमुक्त आहे. पण बांगलादेशने भारतीय सुताची जमिनीवरून होणारी आयात बंद केल्यानंतर, मे २०२५मध्ये आपण असं ठरवलं, की बांगलादेशचे कपडे फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता या दोन बंदरांतूनच येतील. शुल्क कालही शून्य होतं, आजही शून्यच. पण सीमेवरून ट्रकने येणारा शर्ट आता समुद्राने वळसा घालून उरणला उतरतो, आणि तो खर्च शर्टाच्या किमतीत चढतो.

चौथी गोष्ट आपल्याला सगळ्यांत जवळची आहे: माल खरोखर त्या देशाचा आहे का? सप्टेंबर २०२४मध्ये सोयाबीनचे भाव सावरावेत म्हणून सरकारने खाद्यतेलावरचं शुल्क वाढवलं. कच्च्या तेलावर ते सगळं मिळून साडेसत्तावीस टक्के झालं, शुद्ध केलेल्या तेलावर पावणेछत्तीस. सोयाबीन तेव्हा ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली, चार हजारांच्या आसपास विकलं जात होतं. आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत नेपाळमधून शुद्ध सोयाबीन तेलाचा ओघ सुरू झाला. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली नेपाळच्या मालाला शुल्क नाही. पण नेपाळात एवढं सोयाबीन पिकतं कुठे? तिसऱ्याच देशातून कच्चं तेल आणायचं, तिथे शुद्ध करायचं आणि सीमा ओलांडून पाठवायचं, असा हा धंदा. नेपाळी शेतकऱ्याला यातून फारसं काही मिळत नाही, आपल्या शेतकऱ्याचा भाव पडतो, तिजोरीचं शुल्क बुडतं. मधल्यामध्ये पोट भरतं ते शुद्धीकरण करणाऱ्यांचं आणि व्यापाऱ्यांचं.

सवलतीबरोबर उगमाचा नियम असतो तो याचसाठी. शेतमाल असेल तर तो त्या देशात पिकलेला असला पाहिजे. कारखान्यातला माल असेल तर किमतीतला ठरावीक वाटा, आपल्या योजनेत ३० टक्के, त्या देशात वाढलेला असला पाहिजे. तुरीचं सोपं आहे; ती शेतात उगवते. तेलाचं, कापडाचं, यंत्रांच्या भागांचं अवघड. २०२०पासून आपल्याकडे आयातदारावरच बंधन आहे: उगमाचा दाखला खरा आहे हे दाखवणारी माहिती स्वतःपाशी ठेवायची आणि कागद पाच वर्षं जपायचे. आयातीचा धंदा करणाऱ्या वाचकांनी हे मनावर घ्यावं. ‘पाठवणाऱ्याने दाखला दिला होता’ एवढं सांगून सुटका होत नाही.

आपणही या रांगेत उभे होतो

मेहरबानी म्हणून मिळालेली सवलत म्हणजे भाऊबीजेची ओवाळणी. भाऊ देतो तोवर घ्यायची, कमी पडली म्हणून वाद घालता येत नाही. आपल्याला याचा अनुभव आहे. अमेरिकेच्या सवलत योजनेचा सर्वांत मोठा लाभ भारताला मिळत होता. आपल्या सरकारच्याच हिशेबाने वर्षाला सुमारे ५६० कोटी डॉलरचा माल त्याखाली जात होता आणि त्यावर १९ कोटी डॉलरचं शुल्क वाचत होतं. हृदयात बसवायच्या स्टेंटच्या किमतींवर आपण २०१७मध्ये मर्यादा घातली होती. मांसाहारी खाद्य न दिलेल्या जनावरांचंच दूध असल्याचा दाखलाही आपण मागत होतो. अमेरिकेच्या वैद्यकीय साधनांच्या आणि दुग्ध व्यवसायातल्या कंपन्यांनी तक्रार केली. ५ जून २०१९ला सवलत बंद झाली.

एकूण निर्यातीपुढे रक्कम फार नव्हती, पण ती ज्यांच्या पदरात पडत होती ते छोटे होते: चामड्याच्या वस्तू, हत्यारं, नकली दागिने, रसायनं बनवणारे. तीन-चार टक्क्यांवर धंदा करणाऱ्याला तेवढंच शुल्क नव्याने लागलं की नफा संपतो.

त्याआधी युरोपशीही भारत भांडला होता. अमली पदार्थांविरुद्ध लढणारे देश म्हणून युरोपने पाकिस्तानसह १२ देशांना जास्तीची सवलत दिली. भारत जागतिक व्यापार संघटनेत गेला, आणि २००४मध्ये निकाल लागला. सवलतीत फरक करायचा असेल तर निकष उघड असले पाहिजेत, आणि सारख्या अडचणीत असलेल्या सगळ्या देशांना ते सारखे लागू झाले पाहिजेत. ज्या देशाने हा मुद्दा लढवून मिळवला, त्याच देशाची अधिसूचना आज टांझानियातल्या डार-एस-सलामच्या व्यापाऱ्याला सकाळी उठून वाचावी लागते, हे आपल्याला शोभत नाही.

मग करायचं काय?

शेतकऱ्यांनो, तूर लावण्याआधी मागच्या वर्षीचा भाव बघता, तसं आयातीच्या मुदतीकडेही बघा. ती कधी संपते, शुल्क किती आहे, आणि गेल्या सप्टेंबर-नोव्हेंबरमध्ये बंदरात किती माल उतरला, हे परदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनांतून आणि कृषी बाजाराच्या बातम्यांतून कळतं. एकट्याला जमत नसेल तर गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीने मे महिन्याच्या बैठकीत हा विषय घ्यावा. मुदत संपणार आहे म्हणजे ती वाढणार नाही, असं समजून कर्ज काढून माल धरू नका. पाच वर्षांचा अनुभव उलटा आहे.

ग्राहकांनो, डाळ थोडी महागली की आयात खुली करा म्हणून आरडाओरडा करण्याआधी हा हिशेब करा. तूर क्विंटलला हजार रुपयांनी चढली तर डाळ किलोमागे साधारण चौदा-पंधरा रुपयांनी चढते. महिन्याला तीन किलो डाळ लागणाऱ्या घराचा खर्च पंचेचाळीस रुपयांनी वाढतो. दहा क्विंटल तूर झालेल्या शेतकऱ्याचे मात्र तेवढ्याच उतारात दहा हजार जातात. ज्या घराला ते पंचेचाळीस रुपयेही जड आहेत, त्याला रेशनवर डाळ मिळावी म्हणून भांडा. मी तुमच्या बाजूने आहे. पण सगळ्या देशाचा बाजार पाडून गरिबाला डाळ देणं हा महागडा मार्ग आहे, आणि त्याचं बिल दुसराच गरीब भरतो.

छोट्या निर्यातदारांनो, परदेशातल्या शुल्कमाफीच्या जोरावर माल विकत असाल, तर ती उद्या गेली तर चालेल का, हे आजच ताडून बघा. सौदा करताना शुल्क वाढलं तर ते कोणी सोसायचं, हे लिहून घ्या. माफीवर पहिलं गिऱ्हाईक मिळवा, पण दुसऱ्या वर्षी ते मालाच्या दर्जावर टिकलं पाहिजे.

आणि सगळ्यांनी मिळून मागायचं ते असं. तुरीचं आयात धोरण दर वर्षी मे अखेर, पेरणीआधी, जाहीर व्हावं आणि पुढच्या वर्षीच्या मेपर्यंत बदलू नये. शुल्काचा नियमही आधीच लिहिलेला असावा: बाजारभाव हमीभावाखाली गेला तर शुल्क इतकं, अमुक पातळीच्या वर गेला तर इतकं. मागास देशांसाठी ठरलेलं प्रमाण काही वर्षांच्या करारात बांधून द्यावं. हे अशक्य नाही. मोझांबिकचा २०१६चा करार २०१७च्या कोट्यातही टिकला. २०२१मध्ये तो पाच वर्षांसाठी वाढवला आणि मालावी, म्यानमारशीही तसेच करार झाले. करार केला म्हणजे सगळं सुरळीत होतं असंही नाही. २०२३च्या अखेरीस मोझांबिकच्या नाकाला बंदरात तुरीचे कंटेनर अडकले तेव्हा ते दिसलं. पण ज्याला आपण किती घेणार ते ठाऊक आहे, तो शेतकरी तेवढंच पेरतो.

यावर सरकारी उत्तर ठरलेलं असतं: भाव एकदम भडकले तर हात बांधलेले नकोत. हरकत वाजवी आहे. पण आधी लिहिलेल्या नियमाने हात बांधले जात नाहीत. फक्त कोणत्या भावाला काय होणार हे सगळ्यांना आधी कळतं. आज ते आधी कळतं कोणाला, याचा विचार करा. मोठ्या आयातदाराचा माणूस दिल्लीत असतो. झांबेझियाच्या शेतकऱ्याचा नसतो आणि औशाच्या शेतकऱ्याचाही नसतो.

आता तर हे आणखी निकडीचं झालं आहे. डाळींत स्वयंपूर्ण होण्याचं अभियान केंद्राने हाती घेतलं आहे; तूर, उडीद, मसूर त्यात आधी आहेत. ते यशस्वी होवो. पण पाच-सहा वर्षांनी आपल्याला बाहेरची तूर कमी लागणार असेल, तर ज्यांना आपणच तूर लावायला सांगितलं त्यांना हे आजपासून सांगत गेलं पाहिजे, म्हणजे तेही दुसऱ्या पिकाकडे सावकाश वळतील. २०१७सारखं एका शनिवारी दार लावून घेणं पुन्हा होऊ नये.

तुमच्या भागातला खासदार कोणत्याही पक्षाचा असो, तो मे महिन्यात गावात येतोच, लग्नसराई असते. तेव्हा तूर, सोयाबीन, कापूस या सगळ्यांवर भाषण ऐकून घ्या आणि शेवटी एवढंच विचारा: येत्या हंगामाचं आयात धोरण पेरणीआधी जाहीर होणार आहे का, आणि ते काढणीपर्यंत तसंच राहील का? उत्तर लेखी मागा. एका गावाने विचारलं तर ते विसरलं जाईल. तालुक्यातल्या पन्नास ग्रामसभांनी ठराव करून पाठवला तर दिल्लीत त्याची नोंद घ्यावीच लागेल.